टॉमस लिंकनची जमीन

थोर पुरुषाचा बाप होणे ही गोष्ट वाटते तितकी सुखाची नाही. मुलाने गाठलेली उंची वाचकांच्या डोळ्यांत भरावी म्हणून चरित्रकार त्याच्या जन्मस्थानी खड्डा खणू लागतात आणि त्या खड्ड्यात बहुधा बापाला उभे करतात. अमेरिकेचा अध्यक्ष अब्राहम लिंकन याचा पिता टॉमस लिंकन याच्या वाट्याला हे दैव पुरेपूर आले. ओंडक्यांची ती झोपडी आणि चुलीच्या उजेडात वाचणारा तो मुलगा आपल्याकडील शाळकरी मुलांच्याही परिचयाचा आहे. त्या झोपडीतला बाप मात्र आळशी, भटक्या, कोठेच पाय न ठरणारा, असाच बहुतेकांच्या मनात राहिलेला असतो.

हे चित्र पुसून टाकण्याच्या हेतूने लुई वॉरन यांनी १९२६ साली ‘लिंकन्स पेरेंटेज अँड चाइल्डहुड’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला आता शंभर वर्षे होत आली. परंतु त्याने पुढे मांडलेला प्रश्न अजून शिळा झालेला नाही. एखाद्या मनुष्याविषयी शेजाऱ्यांची आठवण खरी मानावी, की कचेरीतील कागद खरा मानावा? ज्यांना आपल्या पूर्वजांचा माग काढावयाचा आहे अशा प्रत्येकापुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो. म्हणून या जुन्या ग्रंथाचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम वॉरन यांच्या प्रतिपक्षाची बाजू पाहू. विल्यम हर्नडन हे लिंकनचे वकिलीतील भागीदार. १८६५ साली लिंकनचा खून झाल्यावर त्यांनी गावोगावच्या वृद्ध माणसांना पत्रे लिहून, काहींना समक्ष भेटून, त्यांच्या आठवणी जमविल्या. त्या आधारे त्यांचे लिंकनचरित्र १८८९ साली बाहेर पडले. हर्नडन यांचे उपकार मोठे आहेत. त्यांनी ही खटपट केली नसती तर लिंकनच्या बाळपणाची अर्धीअधिक हकीकत त्या वृद्धांबरोबरच मातीआड गेली असती. तथापि हे साक्षीदार चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टी सांगत होते. आणि आपल्या शेजारचा तो पोरगा पुढे राष्ट्राचा अध्यक्ष झाला, हे सांगताना त्यांना ठाऊक होते. अशा वेळी आठवण आपल्या नकळत नाटकाला शोभेल असा वेष घेते. मुलगा उद्योगी म्हटला की बाप आळशी होतो. मुलगा ग्रंथप्रेमी म्हटला की बाप ग्रंथद्वेष्टा होतो.

वॉरन हे पेशाने धर्मोपदेशक. लिंकनचा जन्म ज्या गावानजीक झाला त्या हॉजेनव्हिल येथे त्यांनी वृत्तपत्राचे संपादनही केले होते. आठवणींच्या या राशीला पाठ करून ते केंटकीतील निरनिराळ्या काउंटींच्या न्यायकचेऱ्यांत जाऊन बसले आणि खरेदीखते, मोजणीची टिपणे, दाव्यांचे कागद व कराच्या याद्या त्यांनी पालथ्या घातल्या. या कागदांचे स्वरूप समजल्यावाचून ग्रंथाचे मर्म कळणार नाही. म्हणून त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे.

केंटकीचा मुलूख १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता. तेथे जमीन मिळविण्याच्या पायऱ्या चार. प्रथम सरकारी खजिन्यात पैसे भरून अमुक एकरांचा परवाना घ्यावयाचा. मग ती जमीन कोठे हवी ते मोजणीदाराच्या वहीत नोंदवावयाचे. नंतर मोजणी करून घ्यावयाची. आणि सर्वांत शेवटी सनद मिळवावयाची. सरकारने अगोदर प्रदेश मोजून त्याचे तुकडे पाडलेले नव्हते. ज्याने त्याने आपली जागा निवडावी आणि ओढा, खडक, अमुक झाड अशा खुणांनी तिची हद्द सांगावी, असा प्रकार होता. परिणाम असा झाला की, छपरावर कौलावर कौल चढावे तशा एकाच जमिनीवर अनेकांच्या सनदा चढल्या.

कराच्या याद्या वेगळ्या. त्यांत मालकाचे नाव, जमिनीचे एकर, तिची प्रत पहिली, दुसरी की तिसरी, ती कोणत्या ओढ्यावर आहे, मूळ नोंद, मोजणी व सनद कोणाच्या नावे आहे, घरात एकवीस वर्षांवरील गोरे पुरुष किती, सोळा ते एकवीस वर्षांचे किती, काळे गुलाम किती, घोडे किती, अशी रकान्यांची मांडणी असे. एक सुटी यादी वाचून काहीच हाती लागत नाही. पण दहा-पंधरा वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे त्या रकान्यांतून एक आयुष्य हलू लागते. तरुणाचे नाव प्रथम दिसले की तो वयात आला. ओढ्याचे नाव बदलले की त्याने बिऱ्हाड हलविले. नाव गळले की तो एक तर मेला, नाही तर मुलूख सोडून गेला.

अशा कागदांचे बळ केवढे असते याचे उत्तम उदाहरण म्हणजे अध्यक्षाच्या आजोबाची हकीकत. त्याचेही नाव अब्राहमच. व्हर्जिनियातील आपली जमीन विकून तो केंटकीकडे वळला. १७८० साली त्याने १६० पौंड भरून ४०० एकरांचा परवाना घेतला. त्या कागदावर कारकुनाने ‘लिंकहॉर्न’ असे नाव लिहून ठेवले आहे! नावाच्या वर्णावरच भिस्त ठेवणारा शोधक येथेच अडखळून परत फिरला असता. पुढे हा आजोबा शेतात काम करीत असता मूळ रहिवासी इंडियनांच्या हल्ल्यात मारला गेला. ही घटना १७८४ च्या सुमाराची, असे खुद्द अध्यक्ष लिंकनने १८६० साली आपल्या हकीकतीत लिहिले आहे. परंतु त्याच जमिनीची मोजणी १७८५ साली झाली, आणि तिच्या टिपणात हद्दीच्या खुणा करणारा म्हणून त्याच अब्राहमचे नाव आहे. १७८४ साली मेलेला मनुष्य १७८५ साली झाडांवर खुणा करीत हिंडत नाही! म्हणून त्याचा मृत्यू १७८६ च्या मे महिन्यातला मानतात.

दोन वर्षांच्या या फरकाने काय बिघडले, असे कोणी विचारील. बरेच बिघडते. व्हर्जिनियात त्या वेळी मृत्युपत्र न करता मेलेल्याची जमीन सर्वांत वडील मुलाकडे जात असे. ही रूढी मोडणारा कायदा १ जानेवारी १७८७ पासून अंमलात आला. म्हणजे आजोबा आणखी सात-आठ महिने जगता तर धाकट्या टॉमसलाही जमिनीत वाटा मिळाला असता. तो न मिळाल्यामुळे थोरला भाऊ मॉर्डेकाय जमीनदार झाला आणि टॉमस लहानपणापासून दुसऱ्यांच्या शेतांवर राबत वाढला. त्याला शिक्षण मिळाले नाही याचे कारण स्वभावात शोधण्यापूर्वी या तारखेकडे पाहणे न्यायाचे होईल. दोन कोरड्या कागदांनी एका मनुष्यावरील अर्धा आरोप येथे हलका केला आहे.

त्याही मागची परंपरा जमिनीच्याच धाग्याने सापडली. १८४८ साली लिंकन प्रतिनिधिगृहाचा सभासद असताना त्याने मॅसॅच्युसेट्समधील हिंगम येथील आणि व्हर्जिनियातील आपल्या आडनावाच्या गृहस्थांशी पत्रव्यवहार केला होता. परंतु घराणे पेन्सिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतून व्हर्जिनियात आले, यापलीकडे त्याला निश्चित असे काही माहीत नव्हते. १८८७ साली सॅम्युएल शॅकफर्ड यांनी ही वंशावळ न्यू इंग्लंडच्या एका वंशेतिहासविषयक नियतकालिकात जुळवून दाखविली. तिच्यातील एक दुवा पाहण्याजोगा आहे. पेन्सिल्व्हेनियात १७३६ साली वारलेल्या मॉर्डेकाय लिंकनने आपल्या मृत्युपत्रात न्यू जर्सीतील ३०० एकर जमीन जॉन नावाच्या मुलाला दिली. पुढे १७४८ साली जॉनने तीच जमीन विकली. पेन्सिल्व्हेनियाचा जॉन आणि न्यू जर्सीतून आलेला मॉर्डेकाय यांची गाठ या तीनशे एकरांनी बांधली. आणि तेथून मागे जाता जाता १६३७ साली इंग्लंडहून हिंगमला आलेल्या सॅम्युएल लिंकनपर्यंत माग पोहोचला. जो सांधा लिंकनला हयातभर सापडला नाही, तो एका विकून टाकलेल्या जमिनीने दाखवून दिला.

आता टॉमसकडे येऊ. वॉरन यांच्या ग्रंथातील सर्वांत सरस भाग हाच. १८०३ साली, वयाच्या पंचविशीत, टॉमसने हार्डिन काउंटीत मिल क्रीक नावाच्या ओढ्यावर २३८ एकर जमीन ११८ पौंडांना घेतली. वारसा म्हणून काही न मिळालेल्या सुताराने हा पैसा साठविला, ही गोष्ट आळशीपणाच्या आरोपाशी कशी जुळवावयाची? १८०८ च्या डिसेंबरात त्याने २०० डॉलर रोख देऊन सिंकिंग स्प्रिंग येथील सुमारे ३०० एकरांचे शेत घेतले. दोन महिन्यांनी तेथेच अध्यक्षाचा जन्म झाला. तेथून १८११ साली तो नॉब क्रीकवर राहावयास गेला. आणि १८१४ च्या कराच्या यादीत ९८ मालमत्ताधारकांमध्ये त्याचा क्रमांक पंधरावा लागतो. हा आकडा वॉरन यांच्या बाजूचा बिनतोड पुरावा ठरला असून नंतरच्या चरित्रकारांनी तो वारंवार उद्धृत केला आहे.

येथे मात्र आम्हांस वॉरन यांच्याशी थोडा वाद घालावयाचा आहे. कराची यादी ही सरकारचा त्या मनुष्यावरील हक्क सांगते; त्या मनुष्याचा जमिनीवरील हक्क सांगत नाही. कर घेणारा अधिकारी इतके एकर म्हणून लिहून घेई. ते एकर निर्वेध आहेत की नाहीत हे पाहण्याचे त्याला कारण नव्हते. मग ज्या जमिनींच्या बळावर टॉमस पंधरावा ठरला त्यांचे पुढे काय झाले? मिल क्रीकच्या शेतात नोंदीतील चुकीमुळे ३८ एकर कमी भरले आणि ते त्याने १८१४ साली २०० एकर म्हणून १०० पौंडांना, म्हणजे अठरा पौंड तोटा सोसून, विकले. सिंकिंग स्प्रिंगच्या जमिनीवर आधीच्या एका मालकाचा बोजा निघाला; दावा झाला आणि १८१६ साली न्यायालयाने ती विकण्याचा हुकूम दिला. नॉब क्रीकवर तर फिलाडेल्फियातील एका मृत गृहस्थाच्या वारसांनी दहा हजार एकरांवर हक्क सांगून टॉमस व त्याचे नऊ शेजारी अशा दहा जणांवर १८१५ च्या अखेरीस बेदखलीचे दावे लावले. पंधराव्या क्रमांकाचा हा मालमत्ताधारक दोन वर्षांच्या आत केंटकी सोडून निघाला. नॉब क्रीकच्या दाव्याचा निकाल १८१८ साली त्याच्या बाजूने लागला. पण तेव्हा तो ओहायो नदीपलीकडे इंडियानाच्या अरण्यात झाडे तोडीत होता.

हे कागद नीट लावले म्हणजे हर्नडन यांच्या साक्षीदारांची कैफियत निराळी दिसू लागते. ते खोटे बोलत नव्हते. एक मनुष्य एका शेतावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलेला लोकांनी खरोखरच पाहिला होता. त्यांना त्याची पावले दिसली. पावलांमागचे दावे दिसले नाहीत. म्हणून त्यांनी दैवाला स्वभाव म्हटले. इतकी वर्षे भांडत आलेली ही आठवण आणि हा कागद वस्तुतः परस्परांचे वैरी नाहीत. आठवण घटना सांगते आणि कागद तिचे कारण सांगतो. मुलालाही हे ठाऊक होते. बापाने केंटकी सोडले ते काही अंशी गुलामगिरीमुळे, परंतु मुख्यतः जमिनीच्या हक्कांतील भानगडींमुळे, असे त्याने १८६० साली स्पष्ट लिहिले आहे. इंडियानात सरकारने जमीन आधी मोजून तिचे चौकोनी भाग पाडले होते आणि खरेदी थेट सरकारकडून होती. तेथे १८१७ साली टॉमसने दोन डॉलर एकराप्रमाणे १६० एकरांची नोंद केली. त्यांतले निम्मे परत देऊन १८२७ साली त्याने उरलेल्या ८० एकरांची निर्वेध मालकी मिळविली. केंटकीत शेकडो एकरांचा कर भरूनही जे लाभले नव्हते ते त्याला या ऐंशी एकरांत लाभले. वॉरन यांनी पंधराव्या क्रमांकापेक्षा या ऐंशी एकरांवर अधिक भर दिला असता तर त्यांचा पक्ष अधिक बळकट झाला असता, असे आम्हांस वाटते.

कागदावर विश्वास ठेवणाऱ्यानेही सावध राहिले पाहिजे. टॉमसचा एक चुलता केंटकीतच राहत असे आणि त्याचेही नाव टॉमसच होते. केवळ नाव जुळले म्हणून कागद उचलला तर पुतण्याच्या गळ्यात चुलत्याचे कर्ज पडावयाचे. नावाबरोबर ओढा, शेजारी, साक्षीदार आणि पत्नी ही चारही जुळली पाहिजेत. टॉमस व नॅन्सी हँक्स यांच्या विवाहाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. हार्डिन काउंटीत नोंद सापडली नाही, एवढ्यावरून हा विवाह झालाच नसावा अशी कुजबुज सुरू झाली आणि १८७२ सालच्या लॅमन यांच्या चरित्राने तिला छापील रूप दिले. वास्तविक तो विवाह १२ जून १८०६ रोजी शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत झाला होता, आणि त्याचा लेखी पुरावा पुढे तेथील कचेरीत सुरक्षित सापडला. भलत्या दप्तरात शोध करावयाचा आणि न सापडलेल्या गोष्टीला न घडलेली म्हणावयाचे, या चुकीने एका स्त्रीचे चारित्र्य काही काळ कलंकित झाले.

या नॅन्सीच्या बाबतीत वॉरन यांचाही तोल सुटलेला आहे. जमिनीचे आणि कराचे कागद हे मुख्यतः मालकांचे कागद. नवरा जिवंत असेतो बायकोचे नाव करयादीत येत नाही. फार तर विक्रीच्या वेळी ती आपला हक्क सोडल्याची संमती देते, तेवढाच तिचा उच्चार. अशा स्थितीत नॅन्सीच्या जन्माविषयी कागद मुके आहेत, इतके सांगून थांबणे उचित होते. आपली आई विवाहबाह्य संबंधातून जन्मली, असे लिंकन आपल्यापाशी बोलला होता, असे हर्नडन यांनी लिहिले होते. ते खोडून काढण्याच्या भरात वॉरन यांनी शिप्ली घराण्यातील लूसी नावाची आई आणि हँक्स घराण्यातील एक पिता यांची जोडी जुळवून नॅन्सीला औरस ठरविले. जो लेखक टॉमसविषयी कागदाबाहेर पाऊल टाकीत नाही तोच नॅन्सीविषयी अनुमानाच्या पुलावरून खुशाल चालत जातो! आईकडून मुलीकडे उतरणाऱ्या डीएनएच्या आधारे या घराण्यांच्या आजच्या वंशजांची तपासणी करून २०१५ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्याने नॅन्सीची आई हँक्स घराण्यातलीच लूसी ठरविली असून शिप्लीचा पक्ष बाद केला आहे. औरस-अनौरसाचा प्रश्न त्या तपासणीनेही सुटत नाही. आणि आमच्या मते तो सुटावा म्हणून इतका जीव टाकण्याचे कारणही नाही.

या कागदांत दुसरेही एक मौन आहे आणि ते अधिक भयंकर आहे. १८११ साली हार्डिन काउंटीत करासाठी १,००७ गुलाम मोजले गेले. ओढ्यांची नावे तेथे काळजीपूर्वक लिहिली आहेत, परंतु या माणसांचा मात्र घोड्यांच्या शेजारच्या रकान्यात केवळ आकडा आहे. आज त्यांच्यापैकी एखाद्याचा वंशज आपला पूर्वज शोधू लागला तर त्याला त्या यादीत मालकाचे नाव सापडेल. आजोबाचे सापडणार नाही. ज्या दप्तराने टॉमस लिंकनला न्याय दिला तेच दप्तर त्याच्या शेजारी राबणाऱ्या हजार माणसांविषयी एक अक्षर बोलत नाही. अशा दप्तराच्या आधारे लिहिलेल्या ग्रंथाची मर्यादा वॉरन यांनी एका परिच्छेदाने तरी सांगावयास हवी होती.

ग्रंथाच्या लेखनशैलीविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. ती रूक्ष आहे. वॉरन यांचा आविर्भाव इतिहासकाराचा कमी आणि आरोपीच्या वकिलाचा अधिक आहे. तथापि या वकिलाने साक्षीपुरावा मात्र पदरचा घातलेला नाही. त्याने दिलेला प्रत्येक कागद आपणही जाऊन पाहू शकतो आणि त्यावरून त्याच्याविरुद्ध निकाल देऊ शकतो. वर आम्ही जो वाद घातला तो त्याच्याच कागदांच्या आधारे. स्वतःला खोडून काढण्याचे साधन वाचकाच्या हाती देणारा ग्रंथ हा प्रामाणिक ग्रंथ होय. आपल्याकडेही कुलवृत्तांत रचण्याची हौस आहे. त्या रचणाऱ्यांनी वॉरन यांच्यापासून एवढे घेतले तरी पुष्कळ झाले.

एक गोष्ट मात्र कोणत्याच कचेरीत सापडणार नाही. जमिनीच्या मोजणीतील एका चुकीने बापाचे अडतीस एकर गेले. तरुणपणी मुलगा इलिनॉयच्या सँगमन काउंटीत स्वतः जमीन मोजण्याचे काम करू लागला. बापाची शेते दाव्यांत गेली. मुलगा वकील झाला. पण त्या दोघांचे जमले नाही. १८५१ च्या जानेवारीत टॉमस मरणपंथाला लागला असता मुलगा त्याला भेटावयास गेला नाही. आपली भेट सुखापेक्षा दुःखच अधिक देईल, असे त्याने सावत्र भावाला कळविले. अंत्यविधीलाही तो गेला नाही. दोन वर्षांनी त्याला चौथा मुलगा झाला, आणि त्याचे नाव त्याने टॉमस ठेवले. बाप किती एकरांचा धनी होता हे वॉरन यांनी आपणांस पक्के सांगितले आहे. मुलाच्या मनात त्याची जागा किती होती, याची मोजणी त्या दप्तरांत नाही.